औद्योगिक संबंध संहिता, २०२० (बेअर ॲक्ट, खिशात मावणारी आवृत्ती) : आयसीयूतल्या एका सिस्टरचा अभिप्राय

अप्पा बळवंत चौकात, एमपीएससीच्या गाईडांच्या ढिगाखालून काढून दिलं. छापील किंमत दीडशे, हातात पडलं एकशे वीसला. भाषा इंग्रजी. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही. बेअर ॲक्ट म्हणजे टीपांशिवायचा नुसता कायदा. मजकूर संसदेचा आहे, कुणाचंही घेतलंत तरी कलमं तीच. फरक असतो तो कागदाचा, अक्षराच्या आकाराचा आणि मागे सूची आहे की नाही याचा. माझ्या प्रतीत सूची नाही. अक्षर एवढं बारीक की नाईटला नर्सिंग स्टेशनच्या दिव्याखाली वाचताना इन्सुलिन सिरिंजवरच्या खुणा बघायचा चष्मा लावावा लागतो. बाइंडिंग मात्र चिवट निघालं. डझनभर जणींच्या हातून फिरून, चहाचे दोन डाग मिरवत पुस्तक अजून एकसंध आहे.

आता हे घ्यायची वेळ का आली ते सांगते. मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. (हॉस्पिटलचंही नाव देणार नाही, नोकरी करायची आहे.) गेल्या वर्षी आमच्याकडे युनियनचे फॉर्म फिरायला लागले. आधीच नोंदणी असलेली बाहेरची युनियन, वर्गणीची पावती, सगळं रीतसर. पण चेंजिंग रूममधलं ज्ञान ऐकाल तर हसाल. एक म्हणे, इमर्जन्सी सर्व्हिस आहे, हॉस्पिटलात युनियन चालतच नाही. दुसरी म्हणे, ते सरकारीवाल्यांना, प्रायव्हेटला नाही. एका ब्रदरची ठाम समजूत, की संपात नाव आलं की नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनच जातं. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड (ही संहिता त्यातलीच एक) लागू झाले आणि आमच्या एचआरने इन्चार्ज सिस्टरांच्या मीटिंगमध्ये सोडून दिलं, "आता नवीन कोड आलेत, युनियन-बिनियन सगळं बंद."

हे खरं की खोटं, एवढं बघायलाच मी पुस्तक घेतलं. श्रम मंत्रालयाच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते, ती ग्रुपवर फिरतही होती. पण आयसीयूत ड्यूटीवर मोबाईल काढता येत नाही, आणि मोबाईलवर कलम दाखवलं की समोरचा म्हणतो, "हे कुठून फॉरवर्ड आलं?" छापील पुस्तक टेबलावर ठेवलं की असं कुणी म्हणत नाही. तेवढ्यासाठी एकशे वीस रुपये वसूल.

तर युनियन बंद झालेली नाही. संहितेने तीन जुने कायदे गुंडाळले आहेत : १९२६ चा ट्रेड युनियन ॲक्ट, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा (नोकरीच्या अटींच्या स्थायी आदेशांचा) आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्यातला बराच माल तसाच्या तसा नव्या डब्यात भरला आहे. सात जण मिळून युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. मात्र त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी असतील तेवढे कामगार सभासद हवेत. संघटना करण्याचा हक्क तर संविधानाच्या कलम १९ मधला आहे. तो एचआरच्या मीटिंगमध्ये बंद होत नसतो. आणि नर्सचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जाण्याबद्दल पुस्तकात एक अक्षर नाही.

पुस्तकाचा गाभा माझ्या मते मागच्या पानांत आहे, दुसऱ्या अनुसूचीत. अनुचित कामगार प्रथांची यादी. वकील मंडळी कदाचित कलमांपासून वाचत असतील. सिस्टरांनो, तुम्ही इथून सुरू करा.

पहिलाच मुद्दा : कामगाराला युनियन करण्यापासून, तिच्यात जाण्यापासून, तिला मदत करण्यापासून अडवणं, दटावणं, आडकाठी करणं. त्याखाली उदाहरणं दिली आहेत. युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू, अशी धमकी. युनियन झाली तर टाळं लावू, अशी धमकी. आणि तिसरं वाचून आमच्या बी शिफ्टच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या : युनियन उभी राहत असताना, नेमक्या त्याच मोक्याच्या वेळी, तिचे पाय कापायला पगारवाढ देणं. आमच्याकडे फॉर्म फिरायला लागले त्याच महिन्यात एनआयसीयू आणि कॅथलॅबच्या मोजक्या लोकांना "स्पेशल इन्क्रिमेंट"ची पत्रं आली होती. सगळ्यांना वाटलं, देव पावला. ही युक्ती एवढी जुनी आणि एवढी ठरलेली आहे की कायद्यात तिला स्वतःची जागा आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढे वाचत जावं तसं आपलंच हॉस्पिटल दिसायला लागतं. मालकाने स्वतः पुरस्कृत केलेली युनियन काढणं. इतरांना युनियनमध्ये या म्हणाला म्हणून एखाद्याला शिक्षा. युनियनच्या कामामुळे सीनियॉरिटी खालीवर करणं, वरची पोस्ट नाकारणं. आपसात लावून द्यायला काहींना लायकी नसताना बढती देणं. मॅनेजमेंटच्या पॉलिसीच्या नावाखाली आकसाने बदली. बदली कामगार, कॅज्युअल, टेम्पररी म्हणून घ्यायचं आणि कायमचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं. हा शेवटचा मुद्दा आमच्या ओटीतल्या मावशीला मराठीत सांगितला. ती म्हणाली, "हे माझ्यावरनं लिहिलंय का?"

यादी एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. युनियनने काय करायचं नाही तेही त्यातच आहे : घेराव, जाणूनबुजून काम संथ करणं, ड्यूटी संपल्यावर आत ठिय्या मारणं, मॅनेजमेंटच्या माणसांच्या घरासमोर निदर्शनं. आमच्यातल्या दोन-तीन गरम डोक्यांना हे पान मी स्वतःहून दाखवलं.

आता अर्धा तारा कापला तो सूची नसल्याचा आणि बारीक अक्षराचा. तो प्रकाशकाच्या खाती. एक अख्खा तारा मात्र खुद्द कायद्याचा कापला आहे. एवढी झकास यादी, आणि तिला मूठच नाही. कलम ८७ वाचा. या संहितेखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट घेणार ते सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्याने तक्रार केली तरच. म्हणजे आकसाने बदली झालेली सिस्टर स्वतः उठून या कलमाखाली कोर्टात जाऊ शकत नाही. आधी सरकारी माणसाला पटायला हवं, मग त्याने तक्रार करायची. शिवाय अनुचित प्रथेला पहिल्या खेपेला शिक्षा दंडाची, दहा हजारांपासून दोन लाखांपर्यंत. बेकायदा संप केला तर कामगाराला एक हजार ते दहा हजार दंड किंवा महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. कुणाला कैद आणि कुणाला नुसता दंड, ते बघून घ्या.

इथे महाराष्ट्रातल्या माणसाने आणखी एक पुस्तक घ्यायला हवं, आणि ते माझ्या दुकानदाराने स्वतःहून सांगितलं नाही. १९७१ चा आपला राज्याचा कायदा, युनियनला मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात. संहितेने रद्द केलेल्या तीन कायद्यांत त्याचं नाव नाही. अनुचित प्रथांची यादी त्यातही आहे, बरीचशी तशीच. पण तिथे कर्मचारी स्वतः किंवा त्याची युनियन थेट तक्रार दाखल करू शकते. मुदत नव्वद दिवसांची, आणि अंतरिम आदेशही मागता येतो. आमच्या डायलिसिसच्या ब्रदरचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. फॉर्म गोळा करण्यात तो पुढे होता. गेल्या पावसाळ्यात त्याला दुसऱ्या टोकाच्या शाखेत पाठवलं, आणि तिथे डायलिसिसचं एक मशीन नाही! त्याला ओपीडीत बीपी मोजायला बसवलं. पत्रावर कारण : "प्रशासकीय गरज". युनियनच्या वकिलांनी १९७१ च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात तक्रार टाकली, मुदतीच्या आत. ती चालू आहे, ब्रदर अजून तिकडेच आहे, तारखा पडतात. पण निदान त्याच्या नावाने कागद उभा आहे, आणि त्यासाठी कुणा साहेबाची परवानगी लागली नाही.

संपाचं प्रकरण म्हणजे कलम ६२. हे पान दुमडून ठेवा. आधी नोटीस, आणि नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप नाही. नोटिशीची मुदत साठ दिवसांची. समेटाची बोलणी चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप नाही. लवादापुढे प्रकरण असेल तर तेही थांबवतं. पूर्वी असली नोटीस "सार्वजनिक उपयुक्त सेवां"पुरती होती, आणि हॉस्पिटलं त्यात घालता येत होती. आता ती सगळ्याच उद्योगांना लावली आहे. म्हणजे आपल्याला फारसं नवीन काही नाही, आपल्या रांगेत आता कापड गिरणीही आली. बोलणी सुरू झाली की संपाची तारीख आपोआप पुढे ढकलली जाते, हे मॅनेजमेंटला आपल्याआधी ठाऊक असतं.

यातली सर्वांत उपयोगी ओळ कलम ६२ मध्ये नाही, सुरुवातीच्या व्याख्यांत आहे, आणि तिने आम्हाला एका मोठ्या घोळातून वाचवलं. आमच्या ग्रुपवर रात्री अडीचच्या सुमाराला कुणीतरी टाकलं : "संप नको, सोमवारी सगळ्यांनी सीएल टाकू. सीएल आपला हक्क आहे, कोण काय करणार?" खाली अंगठ्यांची माळ लागली. मी ड्यूटीवर होते, तीन नंबरच्या पेशंटची एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) काढून आले आणि ब्रेकमध्ये पॅन्ट्रीत पुस्तक उघडलं. "संप" या शब्दाच्या व्याख्येतच लिहिलं आहे की पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा म्हणजे संपच. नोटीस न देता केलं तर बेकायदा संप. त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. अंगठे एकेक करून नाहीसे झाले. सोमवारी सगळ्या कामावर. आयसीयूच्या दृष्टीनेही ते बरंच झालं. आमच्याकडे एका सिस्टरमागे दोन व्हेंटिलेटर असतात, आणि पेशंटला वाऱ्यावर सोडून काही मिळवायचं नाही, यावर आमच्यात कधी वाद नव्हता. मागण्यांचं निवेदन, काळ्या फिती, ड्यूटी संपल्यावर गेटबाहेर सभा, एवढं आम्ही केलं.

आता इन्चार्ज सिस्टरांचा प्रश्न. संहितेतल्या "कामगार" शब्दाच्या व्याख्येतून पर्यवेक्षकाचं काम करून महिना अठरा हजारांच्या वर पगार घेणारे बाहेर ठेवले आहेत. आमच्या मॅट्रन मॅडमनी याचा सोयीचा अर्थ लावला : ज्याच्या बिल्ल्यावर "इन्चार्ज" लिहिलंय तो कामगार नाही. तसं नाही. कोर्टांनी वेळोवेळी हेच सांगितलं आहे की बिल्ला बघायचा नाही, मुख्य काम काय ते बघायचं. आमची इन्चार्ज रोस्टर लावते हे खरं, पण उरलेला दिवस ती आमच्याइतकीच औषधं देते, सक्शन करते, बेडशीट ओढते. रजा मंजूर करायचा अधिकार तिला नाही, मेमो द्यायचा नाही. बेअर ॲक्टमध्ये मात्र हे निकाल नसतात, नुसती कलमं. त्यासाठी टीपा असलेली जाडजूड आवृत्ती घ्यावी लागते, आणि तिची किंमत बघून मी पुस्तक परत फळीवर ठेवलं.

निकाल नसल्याची खरी अडचण होते ती "उद्योग" या व्याख्येपाशी. ट्रस्टच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकीने हे पान घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या वाचावं. पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या मालकीच्या वा व्यवस्थापनातल्या संस्था संहितेने "उद्योगा"तून वगळल्या आहेत. आणि उद्योग नाही, तर या संहितेचा आधारही नाही. आणि आपल्याकडे मोठमोठी खासगी हॉस्पिटलं कागदावर काय आहेत? धर्मादाय ट्रस्ट! गेटवर बोर्ड असतो, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी. बोर्डाच्या खाली व्हॅले पार्किंग. आत डिलक्स रूम, सुपर डिलक्स रूम, स्वीट. यातलं "बऱ्याच अंशी" काय, धर्म की धंदा, हा वाद प्रत्येक ट्रस्टचा हिशेब मांडूनच लढावा लागेल, आणि मॅनेजमेंट पहिल्याच तारखेला हे कलम पुढे करणार यात मला शंका नाही.

या वादाला इतिहास आहे, आणि तो आपल्याच मुंबईतून सुरू होतो. जे. जे. समूहातल्या रुग्णालयांमधल्या वॉर्ड सेवकांना कमी केलं, हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली. सरकारचं म्हणणं, हॉस्पिटल हा उद्योगच नाही. १९६० साली सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील फेटाळलं. निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. १९७० मध्ये सफदरजंग हॉस्पिटलच्या खटल्यात गाडी उलटी फिरली. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी ती पुन्हा सुलट केली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या गाजलेल्या निकालाने. मग १९८२ च्या दुरुस्तीत संसदेने हॉस्पिटलं वगळली खरी, पण तो भाग कधी अमलातच आणला नाही! २०१७ मध्ये सगळा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. नव्या संहितेत "हॉस्पिटल" असा शब्द घालून वगळलेलं नाही, धर्मादायचं दार मात्र उघडं ठेवलं आहे. एवढी हकीकत पुस्तकात चार ओळींच्या तळटीपेत आली असती तर मी पुस्तकाला चार तारे दिले असते. मला ती युनियनच्या वकिलांनी कोर्टाच्या कँटीनमध्ये, मिसळ खाता खाता सांगितली.

एक कलम कुणी सांगत नाही म्हणून सांगते. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, जास्तीत जास्त दहा जणांची, निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे. आणि आस्थापनेत बायकांचं जेवढं प्रमाण, समितीत त्याहून कमी असता कामा नये. आमच्याकडे दहातल्या सात-आठ जणी बायका. आमच्या समितीत आजवर होत्या दोन : एक मॅट्रन, एक एचआरची. हे कलम एचआरच्या टेबलावर पुस्तक उघडून दाखवलं तेव्हा साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, मागेपुढे उलटलं, किंमत बघितली आणि म्हणाले, "लीगलला विचारून सांगतो." महिनाभराने समितीत वॉर्डातल्या तीन जणी घेतल्या.

आठ तासांची ड्यूटी बारा तासांची करायचं घाटत असेल, तर कलम ४० आणि तिसरी अनुसूची बघा. कामाचे तास हा तिथला विषय आहे, एकवीस दिवसांची नोटीस लागते.

मान्यतेचं, म्हणजे युनियनने मॅनेजमेंटशी वाटाघाटी करायच्या हक्काचं, गणित मात्र महाग झालंय. १९७१ च्या कायद्यात तीस टक्के सभासद असले की मान्यतेसाठी अर्ज करता येतो. संहितेत अनेक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला हजेरीपटावरचे एक्कावन्न टक्के हवेत, नाहीतर वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी परिषद. हजेरीपट कुणाचा, हा खरा प्रश्न. नवीन पोरी एजन्सीच्या पटावर, वॉर्डबॉय दुसऱ्या एजन्सीच्या, हाउसकीपिंग तिसऱ्या. एकाच बेडभोवती चार मालकांची माणसं उभी असतात.

सरकारी नोकरीतल्या सिस्टरांनी हे पुस्तक घेऊ नये. माझी नणंद जिल्हा रुग्णालयात आहे, तिने चाळून परत दिलं. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागतात. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं, आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनच्या संपाच्या वेळी मेस्माचं (अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारं) विधेयक आलं, ते वेगळंच. आशाताईंनाही यात फारसं काही सापडणार नाही. त्यांना कागदोपत्री स्वयंसेविका म्हणतात आणि पगाराला मानधन.

बाकी खासगी हॉस्पिटलातली नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, मावशी, फार्मसीतली मुलं, यांच्यापैकी चार-पाच जणांत मिळून एक प्रत जरूर घ्या. घेताना पहिल्या पानावर २१ नोव्हेंबर २०२५ ची अंमलबजावणी नोंदलेली आहे ना ते बघा. दुकानांत २०२० सालची छापलेली जुनी थप्पी अजून आहे, आणि ती अर्ध्या किमतीत गळ्यात मारतात. सूची असलेली मिळाली तर वीस रुपये जास्त द्या. सोबत १९७१ चा कायदा मागून घ्या. माझ्या दुकानदाराकडे तो संपला होता, पुढच्या आठवड्यात आणून ठेवतो म्हणालाय.